पैनगंगेच्या पात्रातल्या हिमखुणा

सहस्रकुंडाला काळ्या कातळावरून कोसळणारी पैनगंगा नांदेडकरांच्या ओळखीची आहे. माहूर-किनवटच्या कडेने पुढे गेलेली हीच नदी चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीवर वर्धा नदीला मिळते. त्या संगमाजवळ, चंद्रपूर शहराच्या पश्चिम-नैऋत्येला सुमारे दहा मैलांवर, इरई नावाचे गाव आहे. (चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी वेगळी, नावावरून गफलत होऊ नये म्हणून हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.) या गावाजवळ पैनगंगेच्या काठी चुनखडीचा एक अतिशय जुना थर उघडा पडला आहे. त्याचा माथा घासून गुळगुळीत झालेला आहे आणि त्यावर एका दिशेने गेलेल्या समांतर रेघा आणि पन्हळी आहेत. त्यावर टेकलेल्या थरात लहानमोठे दगडगोटे मातीत कसेही रुतलेले आहेत, आणि त्यांतल्या काही गोट्यांच्या अंगावरही तशाच रेघा आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन यांनी याविषयीचे टिपण 1875 साली प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढणाऱ्या या मुलखात बर्फाने खडक घासला होता, असे त्याचे सांगणे होते.

हिमनद्यांच्या कार्याचा अभ्यास सुरू करणाऱ्या मराठी वाचकाने आपले पहिले पाऊल इथे ठेवावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या शाळा-महाविद्यालयांत हा विषय नॉर्वेच्या आणि आल्प्सच्या चित्रांमधून येतो. हिमगव्हर, गिरिशृंग, मेषशिला, हिमोढ हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि निकालानंतर विसरले जातात. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या गोष्टीशी आपल्या मातीचा संबंध नाही असे वाटते, ती मनात रुजत नाही. इथे तर तो संबंध आहे, आणि तोही आपल्या गावावरून जाणाऱ्या नदीच्या पात्रात.

आधी बर्फाविषयी. डोंगरावर वर्षानुवर्षे पडणारे हिम उन्हाळ्यात पुरते वितळले नाही, की थरावर थर साचतो. वरच्या वजनाने खालच्या हिमातली हवा निघून जाते, कण एकमेकांत मिसळतात आणि घट्ट निळसर बर्फ तयार होतो. वरचा साधारण 50 मीटरांचा बर्फ ठिसूळ असतो, म्हणून त्याला भेगा पडतात. त्याखालचा बर्फ मात्र दाबामुळे हळूहळू आकार बदलत, न तुटता सरकतो. तळाशी दाबाने वितळलेल्या पाण्याचा पातळ थर असेल तर सगळा बर्फच खडकावरून घसरतो. दिवसाला काही सेंटिमीटर ते एखादा मीटर, असा बहुतेक हिमनद्यांचा वेग असतो. गंगोत्री हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे, सियाचीन सुमारे 76 किलोमीटर. एवढ्या लांबीचा आणि शेकडो मीटर जाडीचा बर्फ हजारो वर्षे एकाच वाटेने सरकत राहिला तर खालच्या खडकाचे काय होईल, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

शुद्ध बर्फ खडकापेक्षा पुष्कळ मऊ असतो. तो एकटा खडकाला ओरखडाही काढू शकत नाही. काम करतात ते त्याच्या तळात अडकलेले दगड. सुताराच्या हातातल्या पॉलिशपेपरमध्ये कागद फक्त वाळूचे कण धरून ठेवतो आणि घासतात ते कण. हिमनदीतही बर्फ धरणारा असतो आणि दगड घासणारे. बारीक कणांनी खडक चकचकीत होतो, खड्यांनी रेघा पडतात, मोठ्या दगडांनी पन्हळी पडतात. याला अपघर्षण म्हणतात. या घासण्यातून जी पिठी निघते, तिच्यामुळे हिमनदीतून निघणारे पाणी दुधट दिसते. घासणारा दगडही सुटत नाही. त्याची एक बाजू सपाट होते, मग तो बर्फात किंचित फिरतो आणि दुसरी बाजू घासली जाते. असा अनेक सपाट पैलू असलेला, अंगावर ओरखडे वागवणारा दगड नदीत सहसा सापडत नाही, कारण नदी दगडाला लोळवून गोल करते.

झिजेची दुसरी रीत उत्पाटनाची. वितळलेले पाणी खडकाच्या सांध्यांत शिरते, गोठते, आणि पुढे सरकणारा बर्फ सुटलेला तुकडा ओढून नेतो. एखाद्या उंचवट्यावरून हिमनदी गेली की चढाची बाजू घासून गुळगुळीत होते आणि उताराची बाजू तुकडे निघून खडबडीत राहते. हीच मेषशिला. तिच्याकडे पाहून बर्फ कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता येते.

एक गोष्ट इथे थांबून नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यावरच हिमनदी आणि पाण्याची नदी यांच्यातला सगळा भेद उभा आहे. पाण्याला तळाच्या उताराने जावे लागते. वाटेत खळगा आला तर तो भरेपर्यंत नदी थांबते. बर्फाच्या पृष्ठभागाला उतार असला की तळाशी चढ असला तरी तो पुढे सरकतो. त्यामुळे जिथे खडक मऊ किंवा फुटका असेल तिथे हिमनदी खोलवर खणते आणि पुढचा कठीण उंबरठा ओलांडून जाते. बर्फ निघून गेल्यावर त्या खणलेल्या जागी पाणी साठते. उंचावरच्या पर्वतराजीत जागोजागी सापडणारी निळी तळी बहुतेक अशीच जन्मलेली आहेत.

यातले एक तळे नांदेडला फार जवळचे आहे. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंचावर, हेमकुंड साहिब आहे. शीख परंपरेनुसार गुरु गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी तप केले ते हे ठिकाण. आणि 1708 साली त्यांनी देह ठेवला ते आपले नांदेड, तख्त सचखंड हजूर साहिब. नांदेडहून हेमकुंडाला जाणाऱ्या भाविकांनी दर्शन झाल्यावर घटकाभर तळ्याभोवतीच्या कड्यांकडे पाहावे. डोंगराच्या कुशीत बर्फाने कोरलेल्या खोलगटात हे पाणी साठले आहे. अशा दोन खोलगटांमध्ये उरलेली डोंगराची भिंत झिजत झिजत धारदार होते, आणि तीन-चार बाजूंनी कोरलेल्या शिखराचे टोकदार गिरिशृंग होते. गोमुखावरून दिसणारे शिवलिंग शिखर हे त्याचे ठसठशीत उदाहरण. मुख्य दरीचा तळ आणि दोन्ही बाजू बर्फ एकदमच खरवडतो, म्हणून ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी रुंद होते. तिला मिळणाऱ्या लहान हिमनद्या तेवढे खोल खणू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या दऱ्या वरच्या वर लोंबत्या राहतात आणि आज त्यांतून धबधबे पडतात.

खणलेले सगळे कुठेतरी टाकावे लागते. हिमनदीचे संचयन समजण्यासाठी नांदेडकरांनी आधी गोदावरी आठवावी. नदीचा जोर कमी झाला की आधी मोठे गोटे खाली बसतात, मग वाळू, मग गाळ. पाणी निवड करते. बर्फ अशी निवड करत नाही. घराएवढा धोंडा आणि पिठासारखी माती तो एकाच वेळी, एकाच जागी सोडतो. म्हणून त्याने टाकलेल्या ढिगात, म्हणजे हिमोढात, थर नसतात आणि आकाराचा मेळ नसतो. कडेला राहतो तो पार्श्व हिमोढ, दोन हिमनद्या एकत्र आल्यावर मधोमध राहतो तो मध्य हिमोढ, आणि बर्फ जिथवर पोचला तिथे आडवा बांध घालतो तो अंत्य हिमोढ. बर्फाखाली मातीचे लांबट उंचवटे घडतात त्यांना हिमोढगिरी म्हणतात. वितळलेल्या पाण्याचे प्रवाह मात्र पुन्हा निवड करतात आणि हिमनदीच्या पुढे वाळूगोट्यांची मैदाने पसरवतात.

हे प्रकार पाठ करण्यापुरते नाहीत, हे केदारनाथने 2013 साली दाखवून दिले. त्या वर्षी 16 आणि 17 जूनला अतिवृष्टी झाली आणि मंदिराच्या वरच्या अंगाला असलेल्या चोराबारी तळ्याचा हिमोढाचा बांध फुटला. सुट्ट्या दगडमातीचा बांध पाण्याच्या दाबापुढे किती टिकेल हा हिशेब हिमनदीशास्त्रातलाच आहे. चारधामला गेलेल्या मराठी कुटुंबांनीही तो प्रलय अनुभवला. आज हिमनद्या मागे सरत आहेत आणि त्यांच्या जुन्या हिमोढांमागे नवी तळी साठत आहेत. तेव्हा हिमोढ ओळखणारी माणसे आपल्याला हवी आहेत, आणि ती मराठवाड्यातूनही घडली पाहिजेत.

आता पुन्हा इरईकडे येऊ. तिथे झीज आणि संचयन यांचा पुरावा एकावर एक सापडतो, आणि म्हणूनच ती जागा मोलाची आहे. खाली घासलेला चुनखडक. ही पैनगंगा चुनखडी. राजुरा-कोरपना भागातले सिमेंट कारखाने हिच्यावर चालतात. त्यावर तालचीर थराचा तळ, म्हणजे न निवडलेल्या दगडगोट्यांची, आता कठीण झालेली हिमोढमाती. वय सुमारे 30 कोटी वर्षे. रेघा असलेले गोटे नुसतेच सापडले असते तर ते तरंगत्या हिमखंडातून पडले, असे कोणीही म्हणाले असते. खडकावरच्या रेघा नुसत्याच सापडल्या असत्या तरी शंकेला जागा होती, कारण प्रस्तरभंगाच्या पृष्ठावरही दोन खडक एकमेकांवर घासून रेघा पडतात. दोन्ही एकत्र, आणि मध्ये बेमेळ दगडमाती, हे जमिनीवरून सरकलेल्या बर्फाचे काम मानल्याशिवाय समजावता येत नाही. फेडन यांच्या आधी, 1856 साली, ओडिशातल्या तालचीर येथे विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी अशाच गोटेथराला बर्फाचे काम म्हटले होते. इरईने त्या तर्काला घासलेल्या खडकाची साक्ष दिली.

तालचीर थरांत आणखीही खुणा आहेत. गोटेथराच्या वरचे शेल खडक हिरवट असतात आणि फुटताना सुयांसारख्या लांबट ढलप्या निघतात. वालुकाश्मातले फेल्डस्पार ताजे, न कुजलेले राहिलेले दिसते. उष्ण दमट हवेत फेल्डस्पारची माती होते. ते टिकले याचा अर्थ हवा थंड होती. कुठे कुठे शांत पाण्यात साचलेल्या बारीक पापुद्र्यांमध्ये एकच मोठा गोटा रुतलेला असतो आणि त्याच्याखालचे पापुद्रे वाकलेले असतात. असा गोटा वाहत येऊ शकत नाही. तो तरंगत्या बर्फातून सुटून खाली पडला.

त्यावर येतो बराकर थर, आणि त्यात कोळसा. बर्फ वितळल्यावर मोकळ्या झालेल्या पाणथळ जमिनीवर ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतींची राने वाढली आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या खाणी त्याच थरात आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज ज्या कोळशावर चालते त्या कोळशाच्या पायाशी हिमयुग आहे.

विषुववृत्तापासून इतक्या जवळ सखल भागात बर्फ कसा, या प्रश्नाने जगभरच्या भूशास्त्रज्ञांना अनेक दशके छळले. 1859 साली आल्फ्रेड सेल्विन यांना दक्षिण ऑस्ट्रेलियात इनमन दरीमध्ये असाच रेघांचा खडक आढळला होता. दक्षिण आफ्रिकेत ड्वायका थर सापडले, ब्राझीलमध्येही सापडले. एडुआर्ट झ्यूस यांनी या विखुरलेल्या भूभागांच्या जुन्या एकत्र खंडाला गोंडवनाचे नाव दिले. मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखाचे हे नाव आधी इथल्या खडकांना मिळाले होते, आणि आपल्या किनवट-माहूरचा आदिवासी पट्टा त्या मुलखाला लागूनच आहे. 1912 साली आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असे मांडले, तेव्हा या हिमखुणा त्यांच्या भक्कम पुराव्यांपैकी होत्या. खंड आज आहेत तिथे ठेवले तर बर्फ समुद्रातून जमिनीवर चढल्यासारखा दिसतो. ते जुळवून दक्षिण ध्रुवाजवळ ठेवले की सगळ्या रेघांचा अर्थ लागतो. तेव्हा भारत ऑस्ट्रेलिया-अंटार्क्टिकाला चिकटून होता. इरईचा खडक त्या काळच्या विस्तीर्ण हिमाच्छादनाखाली घासला गेला.

या शास्त्राच्या इतिहासातली एक व्यक्ती मला विशेष जवळची वाटते. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ खोऱ्यात ज्याँ-पिएर पेरोदाँ नावाचा शिकारी राहत होता. दरीतले धोंडे हिमनदीने आणून टाकले आहेत आणि ती पूर्वी कितीतरी लांबवर पसरली होती, हे त्याने 1815 साली भूशास्त्रज्ञ ज्याँ द शार्पांतिए यांना सांगितले. त्या वेळी ते कोणाला पटले नाही. पुढे इग्नात्स व्हेनेट्झ, स्वतः शार्पांतिए आणि लुई अगासी यांनी ते सिद्ध केले. अगासींचा हिमनद्यांवरचा ग्रंथ 1840 साली आला. रोज डोंगरात वावरणाऱ्या माणसाने जे पाहिले होते, ते मान्य व्हायला विद्वानांना पंचवीस वर्षे लागली. आपल्याकडेही नदीकाठचे भोई, मेंढपाळ, खाणकामगार खडक रोज पाहतात. अभ्यासकाने त्यांना विचारावे.

मग खुद्द नांदेड-लातूरमध्ये अशा खुणा का नाहीत? कारण चंद्रपूरकडचे थर वर्धा-प्राणहिता-गोदावरीच्या खचदरीत खाली बसले आणि झिजेपासून वाचले. आपल्याकडे तसे झाले नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला आणि त्याने सगळे झाकले. त्याखाली काय आहे हे किल्लारीने दाखवले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल विवर खोदले गेले. 338 मीटर बेसाल्ट, मग जेमतेम 8 मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली थेट अतिप्राचीन स्फटिकी पाया. तालचीर नाही, कोळसा नाही. तिथे कधी हिमोढ साचला असेलच, तर लाव्हा येण्याआधी तो धुऊन गेला होता.

देगलूर-बिलोलीकडे मात्र विद्यार्थ्याची फसगत होण्यासारखी जागा आहे. तिथे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट उघडा पडतो आणि माळावर प्रचंड गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे उभे असतात. हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांची चित्रे पाहिलेल्याला ते तसेच वाटतात. पण ते कुठूनही आलेले नाहीत. सांध्यांतून पाणी मुरून ग्रॅनाइटचे कोपरे कुजले, माती वाहून गेली आणि आतला घट्ट गाभा जागच्या जागी उरला. ओळखायचे कसे? धोंडा आणि खालचा खडक एकाच जातीचा आहे का, पाहावे. हिमनदीचा धोंडा बहुधा परका असतो. अंगावर रेघा, सपाट पैलू आहेत का, पाहावे. भोवती न निवडलेली माती आहे का, पाहावे. अशी नकाराची तपासणी करता येणे हीच या विषयातली खरी तयारी आहे, आणि तिच्यासाठी देगलूरचा माळ उत्तम शाळा आहे.

अलीकडच्या हिमयुगातही, सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी, मराठवाड्यात बर्फ आला नाही. पण त्याचा हात इथवर पोचला. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेली आणि मोसमी पाऊस क्षीण झाला. मांजरेच्या काठच्या जुन्या गाळात, लातूर जिल्ह्यात, हत्तींचे आणि रानबैलांचे जीवाश्म सापडले आहेत. ते प्राणी ज्या बदलत्या हवामानात जगले त्याची दोरी हिमाच्छादनांच्या वाढण्या-घटण्याशी बांधलेली होती. त्या जीवाश्मांकडे या नजरेने पाहणारे काम आपल्या भागात आणखी व्हायला हवे.

या विषयात येणाऱ्याने व्याख्यांच्या आधी डोळा तयार करावा. बरोबर भिंग, होकायंत्र आणि वही असावी. घासलेल्या खडकावरच्या रेघा दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्या उठून येतात. दिशा मोजावी, एकच रेघ न मोजता पुष्कळ मोजाव्यात, आणि दोन दिशांच्या रेघा दिसल्या तर कोणती कोणतीला छेदते ते लिहून ठेवावे. पाणी उतरलेले असताना, चैत्र-वैशाखात, पैनगंगेचे पात्र पाहायला मिळते. घासलेल्या खडकावर हातोडा चालवू नये. तीस कोटी वर्षे टिकलेली रेघ एका नमुन्यासाठी तोडली तर ती पुन्हा मिळत नाही.

मराठवाड्यातल्या भूगोल आणि भूशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की, हिमनदीवरची पहिली सहल त्यांनी पैनगंगेच्या काठाकाठाने काढावी, आणि विद्यार्थ्यांनी केलेल्या नोंदी मराठीत लिहून जपाव्यात.